चौकटीच्या आतला मुलूख

सरकारी कामकाज संगणकावर आल्यापासून बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सरहद्दीवरील गावांतून जे एक वाक्य दिवसातून असंख्य वेळा उच्चारले जाते, आणि ज्याची सत्यासत्यता पडताळून पाहण्याची गरज ना बोलणाऱ्यास वाटते ना ऐकणाऱ्यास, ते म्हणजे ‘सर्व्हर डाउन आहे’ हे होय. भालकीच्या, औरादच्या, बसवकल्याणच्या किंवा आळंदच्या बाजारपेठेतील एखाद्या सेवा केंद्रात बसलेला तरुण पडद्याकडे पाहत ‘काका, सर्व्हर डाउन हाय, उद्या या’ असे म्हणतो, आणि पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, काढण्यासाठी किंवा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सकाळची पहिली बस धरून आलेला शेतकरी कागदांची पिशवी पुन्हा काखेत मारून मुकाट्याने उठतो. एखाद्या सुलतानी-अस्मानी संकटापुढे मान तुकवावी तशी ही मान तुकवली जाते. कारण सर्व्हर नावाची वस्तू कोठे असते, ती कोणाच्या ताब्यात असते आणि ती ‘डाउन’ झाली म्हणजे नेमके काय होते, हे दोघांपैकी कोणासच ठाऊक नसते.

वस्तुस्थिती पुष्कळदा अगदी निराळी असते. सर्व्हर आपल्या जागी शाबूत असतो, त्याने मागितलेले पानही वेळेवर धाडलेले असते. घडलेले असते ते इतकेच, की एका खात्याच्या पानात एक चौकट आखून तिच्यात दुसऱ्या खात्याचे पान बसवलेले असते, बाहेरच्या पानातील जावास्क्रिप्टच्या आज्ञांनी त्या आतल्या पानातील मजकूर वाचण्याचा किंवा त्यातील रकाने भरण्याचा प्रयत्न केलेला असतो, आणि ब्राउझरने, म्हणजे क्रोम किंवा फायरफॉक्स यांसारख्या कार्यक्रमाने, त्या प्रयत्नास साफ मज्जाव केलेला असतो. कळफलकावरील एफ-१२ ची कळ दाबली तर जो एक अंतर्गृहातील फलक उघडतो, त्यावर लाल अक्षरांत हा नकार नोंदलेला दिसतो: अमुक पत्त्याच्या चौकटीस तमुक पत्त्याच्या चौकटीत पाहण्याची परवानगी नाही. परंतु ही कळ दाबतो कोण? पडद्यावर दिसतो तो पांढरा आयत, आणि त्या पांढऱ्या आयताचे लोकभाषेतील भाषांतर ‘सर्व्हर डाउन’.

माझे म्हणणे असे की हा नकार सर्वथैव न्याय्य आहे, तो ढिला करण्याची कोणतीही तजवीज नागरिकांच्या हिताची ठरणार नाही, आणि दोष द्यावयाचाच असेल तर तो भिंतीला न देता, भिंत नाहीच असे गृहीत धरून घर बांधणाऱ्यांना दिला पाहिजे.

या भिंतीचा इतिहास फार जुना नाही, परंतु वेबच्या आयुष्याच्या मानाने तो पुरातन म्हणावा लागेल. पानात पान बसवण्याची युक्ती नेटस्केप कंपनीने आपल्या नॅव्हिगेटर नामक ब्राउझरच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रथम आणली. तिचेच आज सर्वत्र रूढ असलेले रूप, ज्यास आयफ्रेम म्हणतात, ते मायक्रोसॉफ्टने १९९६ साली इंटरनेट एक्स्प्लोररच्या तिसऱ्या आवृत्तीत दिले, आणि १९९७ च्या डिसेंबरात एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तीने त्यावर मान्यतेची मोहोर उमटवली. जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक या गृहस्थांनी १९९५ साली दहा दिवसांत सिद्ध केली, ही हकीकत सर्वश्रुत आहे, आणि तिच्या अनेक उणिवांचे समर्थनही याच दहा दिवसांच्या आधारे आजतागायत केले जाते. पाने एकमेकांत बसू लागली आणि पानांना हातपाय फुटले, या दोन गोष्टी जवळजवळ एकाच सुमारास घडल्यामुळे त्यातील धोका निर्मात्यांच्या ध्यानी लगोलग आला, आणि नेटस्केपने १९९६ च्या सुमारास असा निर्बंध घातला की एका उगमाच्या पानातील आज्ञांनी दुसऱ्या उगमाच्या पानातील मजकुरास हात लावता कामा नये. उगम ठरतो तीन गोष्टींनी: पत्त्याच्या आरंभीची रीत, म्हणजे एचटीटीपी की एचटीटीपीएस, यजमान संकेतस्थळाचे पूर्ण नाव, आणि पोर्टचा क्रमांक. तिन्ही तंतोतंत जुळले तर दोन पाने एका घरची. एकही फरक निघाला तर परकी. अनेक वर्षे केवळ वहिवाटीने चालत आलेल्या या कायद्याची रीतसर संहिता २०११ च्या डिसेंबरात आरएफसी ६४५४ या क्रमांकाने प्रसिद्ध झाली.

आमच्या भागातील जुन्या पिढीला हा कायदा समजावून सांगणे खरे तर अवघड जाऊ नये. हैदराबाद संस्थानच्या अमदानीत या मुलखात करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके होते, अलीकडे निजामाचा हाली सिक्का चाले तर पलीकडे ब्रिटिशांचा कलदार, आणि सरहद्दी अशा काही गुंतलेल्या होत्या की सोलापूर जिल्ह्यातील बार्शी तालुका ब्रिटिश अंमलाखाली असूनही चहूबाजूंनी निजामाच्या मुलखाने वेढलेला होता. नकाशावर पाहिले तर बार्शी निजामाच्या पोटात. परंतु बार्शीच्या मामलेदाराचे दप्तर उघडून पाहण्याचा अधिकार म्हणून भोवतालच्या कोणत्याही निजामी तहसीलदारास प्राप्त होत नव्हता. हवी ती माहिती मागायची तर रीतसर पत्र धाडावे लागे, आणि उत्तर देणे न देणे हे पलीकडच्या अंमलदाराच्या मर्जीवर व कायद्यावर अवलंबून असे. ब्राउझरचे तत्त्व अक्षरशः हेच आहे. बाहेरच्या पानाने आतल्या पानास चारी अंगांनी वेढले आहे, त्याची लांबीरुंदी ठरवली आहे, हवे तेव्हा ते पडद्यावरून नाहीसे करण्याची सत्ताही त्याच्या हाती आहे. तथापि आतल्या दप्तरातील एक ओळसुद्धा वाचण्याचा हक्क त्यामुळे त्याला मिळत नाही.

आणि याच्या नेमकी उलट अवस्थाही आमच्याच जिल्ह्याने अनुभवली आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यातील उस्मानाबाद जिल्ह्यास जोडले गेले आणि पुढे १९८२ साली लातूर जिल्ह्यात आले. नारायणखेड व जहीराबाद आंध्राकडे गेले. उरलेला भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, राहिला. कालपर्यंत एकाच कलेक्टरकचेरीत ज्यांची बस्तनी शेजारी शेजारी होती, ती गावे एका दिवसात परस्परांना परकी झाली. भालकी स्टेशनवरून निघालेली गाडी कमलनगर ओलांडून उदगीरला पोचते तेवढ्या अंतरात पहाणीचा सातबारा होतो. दोन्हीकडे जमीन असलेली, दोन्हीकडे सोयरीक असलेली मराठी कुटुंबे या पट्ट्यात घरोघर आहेत, आणि पीककर्ज, वारसा, वाटणीपत्र या प्रत्येक प्रसंगी दोन राज्यांच्या दप्तरांचे तोंड एकमेकांकडे वळवण्याची यातायात त्यांना करावी लागते.

दप्तरे संगणकावर आणण्याच्या कामी कर्नाटकाचा क्रम फार वरचा लागतो, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. ‘भूमी’ योजनेखाली सुमारे ६७ लाख जमीनधारकांच्या दोन कोटींच्या आसपास नोंदी या शतकाच्या अगदी आरंभीच संगणकात भरण्यात आल्या आणि हस्तलिखित पहाणीची कायदेशीर मान्यताच काढून घेण्यात आली. ग्राम लेखापालाच्या घरी खेपा घालून त्याची मर्जी संपादन करण्याचा जो एक पिढीजात उद्योग होता, तो त्यामुळे पुष्कळ अंशी बंद पडला. महाराष्ट्रानेही पुढे भूलेख उभारला आणि २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. दोन्ही राज्यांची संकेतस्थळे गव्ह-डॉट-इन या एकाच सरकारी नावाखाली नांदतात. त्यावरून कोणी असा तर्क करील की एकाच छत्राखालची ही दोन घरे, तेव्हा ब्राउझरने त्यांच्यात तरी भेद करू नये. ब्राउझर हा तर्क नामंजूर करतो. पूर्वी एकाच मूळ नावाखालच्या दोन उपस्थळांना परस्परसंमतीने ‘आम्ही एकाच घरचे’ असे जाहीर करता येत असे. परंतु ज्या नावांखाली कोणीही परस्परांशी संबंध नसलेली माणसे स्थळे मांडू शकतात अशा नावांची एक सार्वजनिक यादी ब्राउझरनिर्माते बाळगतात, तीत गव्ह-डॉट-इन आणि निक-डॉट-इन ही दोन्ही नावे आहेत, आणि त्या यादीतील नावाच्या आधारे नाते सांगण्याची मुभा ब्राउझर देत नाहीत. २०२३ पासून क्रोमने ही घोषणा करण्याची सोय, सर्व्हरने मुद्दाम मागितल्याखेरीज, बंदच करून टाकली. समान छत्र म्हणजे समान घर नव्हे, असा हा निवाडा आहे आणि तो मला शहाणपणाचा वाटतो.

शहाणपणाचा का, ते सविस्तर सांगितले पाहिजे, कारण सेवा केंद्रांतील त्रस्त मंडळींचा सूर ‘ही सुरक्षिततेची ब्याद काढून टाका’ असा असतो. २०१९ पासून प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजनेचे वर्षाला ६००० रुपये तीन हप्त्यांनी शेतकऱ्यांच्या खात्यात जमा होतात, आणि हप्त्याची तारीख जवळ आली की खोटे दुवे घेऊन येणारे संदेश मोबाइलवर वाजू लागतात. अशा दुव्यामागील पान एखाद्या भामट्याने सजवलेले आहे, आणि त्याने आपल्या पानात एक चौकट आखून तीत खऱ्या बँकेचे पान बसवले आहे, अशी कल्पना करा. शेतकऱ्याने सकाळी त्याच मोबाइलवर बँकेत प्रवेश केलेला असेल, तर चौकटीत त्याच्याच खात्याचे पान उघडण्याचा संभव होता. भिंत नसती तर बाहेरच्या पानातील चार ओळींच्या आज्ञांनी खातेक्रमांक, शिल्लक, व्यवहारांची यादी हे सारे वाचून दूर कोठेतरी धाडले असते आणि पडद्यावर पापणी लवण्याइतकाही फरक दिसला नसता. आज हे होत नाही, ते भामट्यांना सद्बुद्धी झाली म्हणून नव्हे.

भामट्यांनी यावरही तोड काढली. वाचता येत नाही तर न वाचताच दाबवून घ्यावे, असा तो विचार. आतले पान पूर्णतः पारदर्शक करून आपल्या पानावर अंथरायचे, खाली ‘बक्षीस मिळवा’ असे बटण रंगवायचे, आणि माणसाने त्या बटणावर बोट ठेवले की ते प्रत्यक्षात वरच्या अदृश्य पानातील ‘मान्य आहे’ या बटणावर पडावे अशी योजना करायची. रॉबर्ट हॅन्सन आणि जेरेमाया ग्रॉसमन या दोघा संशोधकांनी २००८ साली या लबाडीस क्लिकजॅकिंग असे नाव दिले. तिच्यावर उपाय म्हणून, आपले पान कोणाच्याही चौकटीत बसवू देऊ नये असा हुकूम सर्व्हरने पानासोबत धाडण्याची सोय पुढल्याच वर्षी झाली. बँका हा हुकूम आवर्जून धाडतात. अशा पानास चौकटीत बसवू पाहिले तर ब्राउझर त्या जागी करड्या रंगाचा एक खिन्न चेहरा आणि ‘रिफ्यूज्ड टू कनेक्ट’ अशी इंग्रजी ओळ दाखवतो, जी वाचून आमचा केंद्रचालक पुन्हा तेच वाक्य उच्चारतो.

शिवाय हीच भिंत प्रामाणिक व्यवहारातही मोठ्या कौशल्याने वापरली जाते. गाणगापूरला जाणाऱ्या भाविकाने एखाद्या दुकानाच्या किंवा निवासाच्या पानावर कार्डाने पैसे भरले तर पुष्कळदा कार्डाचा क्रमांक लिहिण्याचा रकाना त्या दुकानाच्या पानाचा नसतोच. तो पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीच्या पानाचा, चौकटीत बसवलेला असतो. दुकानदाराच्या पानास तो क्रमांक वाचता येऊ नये म्हणूनच ही रचना. ज्या नकाराची आपण तक्रार करतो, त्याच नकाराच्या भरवशावर आपले पैसे रोज सुखरूप इकडचे तिकडे जातात.

मग पांढरा आयत येतो कोठून? त्याची कुळकथा मी शक्य तितक्या समजुतीने सांगतो, कारण ती रचणारी तरुण मंडळीही आपलीच मुले आहेत. खाते निविदा काढते. कंत्राटदार बेंगळुरू, पुणे किंवा हैदराबादेतील एखाद्या कार्यालयात बसून पान तयार करवतो. चाचणीच्या वेळी बाहेरचे आणि आतले अशी दोन्ही पाने एकाच यंत्रावर, एकाच पत्त्याखाली असतात, सबब उगम जुळतो आणि सारे सुरळीत चालते. पुढे बाहेरचे पान एका पत्त्यावर आणि आतले दुसऱ्या पत्त्यावर वस्तीस जाते, आणि ज्या ओळी काल बिनतक्रार चालत होत्या त्या आज भिंतीवर आदळतात. कित्येकदा तर पत्ता तोच असतो, परंतु एकाच्या आरंभी एचटीटीपी राहून गेलेले असते नि दुसऱ्याच्या आरंभी एचटीटीपीएस. किंवा एकाच्या नावात तीन डब्ल्यू असतात नि दुसऱ्याच्या नसतात. गुलबर्ग्याचे कलबुर्गी १ नोव्हेंबर २०१४ रोजी झाले. अशा नामांतरानंतर एखाद्या खात्याने आपल्या स्थळाचा पत्ता बदलावा आणि आतल्या दुव्यांतून जुनाच पत्ता राहून जावा, एवढ्या कारणाने एकाच कचेरीची दोन पाने ब्राउझरच्या लेखी अनोळखी ठरतात. माणूस ‘अहो, ही दोन्ही आमचीच’ म्हणून वेळ मारून नेतो. ब्राउझर अक्षरांकडे पाहतो.

चूक होण्याचा आणखी एक प्रकार निव्वळ उतावळेपणाचा आहे, आणि तो आमच्यासारख्या भागालाच अधिक भोवतो. आतले पान यायला काही काळ लागतो. ते येण्यापूर्वी चौकटीत एक कोरे पान बसलेले असते. बाहेरच्या आज्ञांनी वाट न पाहता आत डोकावले तर त्यांना हवा असलेला रकाना सापडत नाही आणि त्या तेथेच कोलमडतात. शहरातील भरधाव जोडणीवर हा अवधी निमिषमात्र असल्यामुळे चूक लपून राहते. औरादच्या एखाद्या वाडीत, मोबाइलच्या एका काडीच्या लहरीवर, ती दर वेळी उघडी पडते. कंत्राटदाराला कळवले तर उत्तर मिळते की आमच्याकडे तर चालते. तो खोटे बोलत नसतो.

अलीकडे यात एका नव्या अडचणीची भर पडली आहे. परक्या चौकटीतील पानांनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणा, ज्यांना कुकी म्हणतात, त्या अ‍ॅपलच्या सफारीने २०२० पासून सरसकट अडवल्या, आणि फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक स्थळासाठी त्यांची निरनिराळी कोठारे केली. लोकांच्या पाळतीवर राहणाऱ्या जाहिरातदारांना आळा बसावा हा हेतू, आणि तो स्तुत्यच. परंतु चौकटीच्या आत बसून ‘हा माणूस मघाशी प्रवेश करून गेलेलाच आहे’ हे ओळखणारी सरकारी पानेही त्यामुळे विसरभोळी झाली. ती पुन्हा पुन्हा नाव आणि ओटीपी मागत राहतात, आणि ओटीपी ज्या मुलाच्या मोबाइलवर जातो तो मुलगा पुण्यात कामावर असतो.

या सर्व प्रकारांत मला सर्वांत आक्षेपार्ह वाटते ते त्यांवर सुचवले जाणारे घरगुती इलाज. ‘ब्राउझरची सुरक्षा बंद करून चालवा’, ‘अमुक विस्तार बसवा म्हणजे अडथळा जातो’, असे सल्ले एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात हस्ते परहस्ते फिरत असतात. ज्या संगणकावर दिवसभरात शेकडो लोकांचे आधार क्रमांक, बँकेची पासबुके आणि अंगठ्याचे ठसे हाताळले जातात, त्या संगणकाची सारी कवाडे एका दाखल्यासाठी काढून ठेवणे हा शुद्ध अविचार होय. आणि तो अविचार केंद्रचालकाच्या माथी मारून खात्याला मोकळे होता येणार नाही, कारण खात्याचे पान नीट असते तर त्याच्यावर ही पाळीच आली नसती.

गंमतीची गोष्ट अशी की याविषयीचा नियम सरकारदरबारी अस्तित्वात आहे. केंद्राच्या आणि राज्यांच्या कित्येक सरकारी संकेतस्थळांच्या तळाशी बारीक टायपात दुव्यांविषयीचे एक धोरण दिलेले असते. त्याचा आशय असा, की आमच्या पानांकडे दुवा देण्यास पूर्वपरवानगीची गरज नाही, मात्र आमची पाने तुमच्या स्थळावरील चौकटीत उघडण्यास आम्ही परवानगी देत नाही. ती नव्याने उघडलेल्या खिडकीतच दिसली पाहिजेत. हे धोरण ज्याने लिहिले त्याचा अभ्यास पक्का होता. दुर्दैवाने धोरण एका पानावर आणि चौकटी दुसऱ्या पानांवर असा संसार चालू आहे: ज्यांनी ही मनाई जाहीर केली आहे त्यांतील काहींचे सर्व्हर ती मनाई हुकमाच्या रूपाने धाडत नाहीत, आणि काही खाती स्वतः मनाई करून दुसऱ्याची पाने मात्र आपल्या चौकटीत खुशाल बसवतात.

चौकटी मुळीच नकोत असे माझे म्हणणे नाही. जेथे त्यांवाचून अडते, तेथे भिंतीत एक अधिकृत झरोका फार वर्षांपूर्वीच ठेवलेला आहे. पोस्टमेसेज नावाच्या सोयीने बाहेरचे पान आतल्या पानास निरोप धाडू शकते. निरोपावर तो कोणत्या उगमाच्या पानासाठी आहे ते लिहावे लागते, आणि घेणाऱ्याने तो कोणाकडून आला आहे हे तपासून मगच उघडायचा असतो. दप्तर उघडून दाखवायचे नाही, विचारले तेवढ्याचे उत्तर द्यायचे. यातही आळशी मंडळी पत्त्याच्या जागी नुसते तारकाचिन्ह घालतात, ज्याचा अर्थ ‘जो कोणी आत बसला असेल त्याला’ असा होतो. खात्याच्या तपासनिसाने दुसरे काही पाहिले नाही तरी चालेल, परंतु हे चिन्ह कोठे दिसले तर ते पान परत धाडावे.

हाच झरोका आणखी एका कामी येतो, आणि ते काम मला फार महत्त्वाचे वाटते. चौकटीतील पान आले की अडले, हे बाहेरच्या पानास खात्रीने समजण्याचा दुसरा मार्ग नाही. ब्राउझर नकाराचे पान दाखवतो तेव्हासुद्धा बाहेरच्या पानास ‘चौकट भरली’ असेच कळते. म्हणून आतल्या पानाने नीट उघडताच ‘पोचलो’ असा निरोप धाडावा, आणि ठराविक सेकंदांत तो आला नाही तर बाहेरच्या पानाने नागरिकास स्पष्ट शब्दांत सांगावे की अमुक खात्याचे पान येथे उघडत नाही, ते स्वतंत्रपणे उघडण्यासाठी येथे दाबा. ही सूचना कन्नडमध्ये असावी हे उघडच आहे. परंतु बिदर जिल्ह्याच्या आणि आळंद तालुक्याच्या मराठी गावांसाठी ती मराठीतही असावी, ही मागणी भावनेची नाही. १९५६ सालच्या ज्या सातव्या घटनादुरुस्तीने राज्यपुनर्रचना अमलात आली, त्याच दुरुस्तीने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याचे कलम ३५० ब घटनेत घातले. आणि स्थानिक लोकसंख्येत अल्पसंख्याक भाषा बोलणारे १५ टक्के वा अधिक असतील तेथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, हे धोरण तेव्हापासून चालत आलेले आहे. चावडीच्या फलकावरील सूचना जर या धोरणात बसते, तर पडद्यावरील सूचना का बसू नये?

येथे कोणी सुचवील की एवढा खटाटोप कशाला, सर्व खाती आणि जमल्यास सर्व राज्ये एकाच पत्त्याखाली आणावीत म्हणजे उगमाचा प्रश्नच मिटेल. ‘एक खिडकी’ हा शब्द भाषणात फार शोभतो. परंतु एक उगम याचा तांत्रिक अर्थ असा की त्या पत्त्याखालील सर्व पानांत एकही भिंत उरत नाही. रेशनकार्डाच्या पानात कोणा निष्काळजी कंत्राटदाराने ठेवलेल्या भोकातून शिरलेला चोर जमिनीच्या, आरोग्याच्या आणि निवृत्तिवेतनाच्या पानांपर्यंत विनासायास पोचतो. ब्राउझरनिर्मात्यांचा प्रवास तर याच्या उलट दिशेने चालू आहे. २०१८ साली प्रोसेसरांतील स्पेक्टर नावाचा दोष उघडकीस आल्यावर क्रोमने निरनिराळ्या स्थळांची पाने, मग ती एकाच पडद्यावर एकमेकांत बसलेली का असेनात, संगणकाच्या स्मृतीतही निरनिराळ्या प्रक्रियांत ठेवण्यास आरंभ केला. त्यांना भिंत अधिक जाड करावीशी वाटते, आणि आमच्याकडे काहींना ती पाडावीशी वाटते.

दोन्ही राज्यांत जमीन असलेल्या शेतकऱ्याचा खरा प्रश्न तर चौकटीने सुटण्यासारखा नाहीच. कर्नाटकाची फ्रूट्स नावाची शेतकरी-नोंदणी भूमीशी जोडलेली आहे. निलंगा किंवा उमरगा तालुक्यातील त्याच शेतकऱ्याची जमीन महाराष्ट्राच्या दप्तरात आहे. ही दोन दप्तरे पडद्यावर एकमेकांशेजारी दिसली म्हणून एकमेकांशी बोलू लागत नाहीत. ती बोलावीत असे वाटत असेल तर बोलणे सर्व्हर आणि सर्व्हर यांच्यात, दोन महसूल खात्यांच्या लेखी करारान्वये, शेतकऱ्याच्या संमतीने आणि प्रत्येक विचारणेची नोंद ठेवून झाले पाहिजे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून आहे. त्याचा निकाल जो लागायचा तो लागो, पहाणी आणि सातबारा यांच्या देवघेवीचा करार करण्यास त्या दाव्याची कोणतीही आडकाठी असण्याचे कारण नाही. त्या कराराला वेळ लागेल, बैठका होतील, बैठकांचे भत्ते निघतील.

तोवर दोन्ही राज्यांच्या खात्यांनी एवढे करावे: जेथे दुसऱ्याचे पान चौकटीत बसवले आहे तेथून चौकट काढून त्या जागी साधा दुवा ठेवावा, जो नव्या खिडकीत उघडेल. त्यांचे स्वतःचे धोरण हेच सांगते. एका पानासाठी हा बदल एका ओळीचा आहे, तो कोणताही शिकाऊ कर्मचारी चहा येण्याच्या आत करू शकतो, आणि त्यासाठी निविदा काढावी लागत नाही. किंबहुना तो आजवर झाला नाही याचे एक कारण तेच असावे, अशी मला शंका आहे.